तिसऱ्या अंकातला दरबार आणि हरण्याची झूल

“पेंटरसाहेब, ते दोन मोर आजच्या आज पुसून टाका!”

लक्ष्मणराव पाटील माझ्या दुकानात शिरले ते असं ओरडतच. टोपी हातात, शेरवानीची वरची बटणं उघडी. मी तेव्हा नेमकं त्याच दोन मोरांचं स्टेन्सिल धूत बसलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी ते आणखी एका घरात लागणार होतं. स्टेन्सिल म्हणजे जाड कागदात कोरलेलं चित्र. कागद भिंतीला धरायचा, वरून रंगाचा ब्रश ठोकायचा, कागद उचलायचा. मोर तयार. त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही. मला येत होती, पण तिला गिऱ्हाईक नव्हतं.

“पुसतो,” मी म्हणालो. “पण मोरांनी केलं काय?”

“आमच्या कौसाला बघायला केदारखेड्याचे पाहुणे आल्ते. ते वकिलाच्या बैठकीत जाऊन बसले, चहा प्याले, पोहे खाल्ले, अन् तिथंच म्हणले, पोरीला बोलवा!”

गिऱ्हाइकासमोर हसू दाबणं हा माझ्या धंद्याचाच एक भाग. त्या दिवशी तो काही जमला नाही.

आधी थोडं या मोरांविषयी. निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. मी मूळचा नाटकाचे पडदे रंगवणारा. आमची कंपनी जालन्यात बुडाली. बाकीचे गाडीत बसून गेले, मी रंगाच्या डब्यांपाशी राहिलो. मग एका कापूसवाल्या शेठजींनी बैठक सजवायला सांगितली. मला बैठका ठाऊक नव्हत्या, दरबार ठाऊक होता. मी आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकातला राजदरबार त्यांच्या भिंतींवर उतरवला. खाली कमरेएवढा खोटा संगमरवर (पांढऱ्या रंगावर ओल्या पिसाने करड्या शिरा ओढल्या की दगड होतो), वर गुलाबी डिस्टेंपर, छताला काचेच्या हंड्या, पुढे झुकलेला मोठा आरसा, आरशावर समोरासमोर दोन मोर आणि निळ्या रंगवलेल्या दारावर प्लास्टरचं हरणाचं डोकं. शेठजी खूश झाले. त्यांचे शेजारी दुःखी झाले आणि मला ऑर्डरी येऊ लागल्या. प्रत्येक ऑर्डरीचे शब्द एकच: “बराबर तशीच पाहिजे.” बघता बघता जालन्यातलं अर्धं मस्तगड तिसऱ्या अंकात राहायला गेलं.

पाटील मूळचे धावड्याचे. शेती भावाकडे सोपवून ते जालन्यात आले, आडतीचं दुकान टाकलं, मस्तगडात घर घेतलं. त्यांनाही तशीच पाहिजे होती. चार दारं सोडून त्र्यंबकराव वकिलांची बैठक होती, तीही तशीच.

पाहुण्यांचा घोटाळा झाला तो असा. मुलाचे वडील गणपतराव आणि त्यांच्याबरोबरची मंडळी पुढे चालत आली. मध्यस्थ सखाराम गाडीचे बैल सोडायला मागे राहिला. त्याने खूण सांगून ठेवली होती: निळं दार, समोर झुकता आरसा, आरशावर दोन मोर. खूण अगदी बिनचूक होती. फक्त ती बऱ्याच घरांना लागू पडत होती. पाहुण्यांना पहिलं निळं दार लागलं ते वकिलांचं.

आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी देण्याआधी ‘कोण, कशाला आलात’ असं विचारत नाहीत. आधी गूळपाणी, मग चहा, मग काही खाणं, मग काम. वकिलांकडे खेड्यातली माणसं रोज येत. त्यांना वाटलं, अशील आले. पाहुण्यांना वाटलं, हेच मुलीचे वडील. वकिलांच्या अंगात शेरवानी होती, आणि त्या काळी शहरातला प्रत्येक मोठा माणूस शेरवानीत असे. आत कोण आहे हे शेरवानी सांगत नसे. दोन्ही बाजूंनी रीत चोख पाळली. पोहे संपल्यावर गणपतराव म्हणाले, “मंग, पोरीला बोलवा.”

वकील म्हणाले, “मला तीन मुलगेच आहेत.”

तेवढ्यात सखाराम धापा टाकत आला आणि मंडळींना पाटलांकडे घेऊन गेला. तिथे गणपतरावांनी आरसा पाहिला, मोर पाहिले, हरणाचं डोकं पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “हे तर आत्ताच बघून आलो की.” त्यांची पोटं भरलेली होती. कौसाने आणलेला चहा अर्धा कपातच राहिला. “अमावस्या झाली की येऊ पुन्हा,” म्हणून ते उठले. आता आमच्या भागात ‘येऊ पुन्हा’चा अर्थ बहुतेक वेळा ‘आता भेट नाही’ असा असतो.

मी पाटलांबरोबर त्यांच्या घरी गेलो. पाटलांचा बेत तयार होता.

“मोठं झुंबर आणायचं. हैदराबादहून. वकिलाकडं न्हाई असं. आरसा दुप्पट. खर्चा झाला तरी चालंल.”

“आणू,” मी म्हणालो. “दिवाळीपर्यंत वकीलसाहेब तेच आणतील.”

“मंग मी आणखी मोठं आणीन.”

“मग छत खाली येईल. पाटील, विकत मिळतं ते सगळ्यांनाच मिळतं. तुमच्याकडे असं काय आहे, जे या गल्लीत कोणाकडे नाही?”

पाटलांनी विचार केला. एवढ्या मोठ्या बैठकीत त्यांची नजर चहूकडे फिरली आणि रिकामी परत आली.

“काय बी न्हाई,” ते म्हणाले. मला त्यांची दया आली. त्या बैठकीतली एकही वस्तू त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती. निम्मी मी निवडली होती, नाटकाच्या राजासाठी.

कौसा आतल्या दारात उभी होती. सतरा-अठराची पोर, धिटाईने बोलणारी. बापाला म्हणाली, “दादा, माळ्यावरचं पोतं हाय की.”

“गप. त्यात काय दाखवायचं?”

“काय आहे पोत्यात?” मी विचारलं.

पाटलांनी हात झटकला. त्यांच्या पत्नी पार्वताबाई आतूनच म्हणाल्या, “बैलाचं सामान हाय, भाऊ. धावड्याहून आणलंय. तिथं उंदरं खात्याल म्हणले. इथं काय मांजर पाळलंय का आपण?”

मी शिडी मागवली. खरं सांगायचं तर मला कामाचा असा हुरूप कित्येक महिन्यांत आला नव्हता. पोतं खाली आलं, तोंड सोडलं, आणि आधी आवाज आला. पितळी घुंगरांची जाड माळ, बैलाच्या गळ्यात बांधतात ती. मग रंगीत गोंडे. मग शेंब्या, म्हणजे शिंगांच्या टोकांना घालायच्या पितळी टोप्या. आणि सगळ्यात खाली घडी घातलेली झूल, बैलाच्या पाठीवर टाकायचं भरतकामाचं कापड. लाल, त्यावर निळे-पिवळे टाके आणि बारीक आरसे. माझ्या आरशाहून कितीतरी चांगले, कारण ते झुकत नव्हते.

“ही कोणी भरली?”

“मी,” पार्वताबाई म्हणाल्या. “लगीन होऊन आले त्या साली. हरण्यासाठी. पोळ्याच्या मिरवणुकीत हरण्या म्होरं असायचा.”

“हरण्या!” पाटील एकदम बोलले. “पेंटरसाहेब, कसला बैल व्हता तो! गाडी चढाला लागली की दुसऱ्याचे बैल बसायचे अन् हरण्या...” आणि मग हरण्या थांबेना. पाटलांनी टोपी काढून ठेवली होती. त्या बैठकीत ते पहिल्यांदाच मांडी घालून बसले होते.

मी खिशातून पेन्सिल काढली आणि खोट्या संगमरवरावरच डिझाइन काढायला लागलो.

“झूल इथे. आरशाच्या जागी.”

पाटलांची टोपी परत डोक्यावर गेली. “बैठकीत? लोक गोठा म्हणतील!”

“गोठा व्हता तवा घर भरून लोक येत व्हते,” पार्वताबाई म्हणाल्या. “आता येऊन वकिलाकडं बसून राह्यले.”

“शेतकरी हाये हे लपवाया तर मी हे सगळं केलं,” पाटील हळूच म्हणाले.

“कोणापासून?” कौसा म्हणाली. “केदारखेड्याच्या लोकांपासून? त्यांच्याकडं चार बैलजोड्या हाइत म्हणं. दादा, मला शहरात द्यायचं न्हाई. मी मायला सांगितलंय. अन् ते लोक हे हरणाचं डोकं बघून म्हणत्याल, हिला शेण काढता येत नसंल.”

पाटलांनी टोपी परत काढून ठेवली. मी तीच मंजुरी समजलो.

अमावस्येआधी काम संपवायचं होतं. मोर पुसले. मोर पुसताना मला इतका आनंद झाला की माझा माणूस बिचकला. खोटा संगमरवर खरवडला आणि भिंतींना साधा चुना दिला. पांढऱ्या भिंतीला एक बॉर्डर हवी होती. मी नमुन्यांचा कॅटलॉग उघडलाच नाही. बाजारात गेलो आणि पोळ्याला शिंगं रंगवायला घेतात तो हिंगूळ घेतला. हिंगूळ म्हणजे तांबडा भडक रंग. ज्याने कधी बैल धुतला आहे त्याला तो लांबून ओळखू येतो. त्याची दोन बोटं रुंद एकच पट्टी, चारही भिंतींवरून. स्टेन्सिल नाही, हातानेच. पट्टी दोन ठिकाणी किंचित वाकली. मी ती तशीच ठेवली.

शेंब्यांचं काय करावं ते कळेना. मग भिंतीत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्या टोकांना शेंब्या बसवल्या. आलेल्याने आपलं पागोटं, टोपी तिथे अडकवावी. कौसाने त्या चिंचेने घासल्या. गोंडे लोडांच्या टोकांना गेले. हंड्या मी फडक्यात बांधून ठेवल्या. प्लास्टरचं हरीण मात्र उतरवताना पडलं आणि त्याचं नाक फुटलं. कोणी हळहळलं नाही.

घुंगरमाळ निळ्या दाराच्या आतल्या बाजूला. दार उघडलं की माळ वाजणार. पाटलांनी ती स्वतः बांधली. मग दार उघडून बंद करून पाहिलं. मग पुन्हा. शेवटी पार्वताबाई आतून ओरडल्या, “आता बैल येतोय का बघून राह्यले?”

तरी धाकधूक होतीच. पाहुणे येतील का? आणि आले आणि हसले तर? मी स्वतःशी हिशेब केला होता: ही सोयरीक मोडली तर मस्तगडात पुन्हा मोरच छापावे लागतील, तेही काम मिळालं तर.

पाहुणे आले. या वेळी सखाराम पुढे होता आणि बैल दुसऱ्याने सोडले. मी शेवटचा हात फिरवायच्या निमित्ताने कोपऱ्यात उभा होतो. पाटलांनी शेरवानी घातली नव्हती. धोतर, पागोटं. मला वाटलं, माझ्या सगळ्या सजावटीत हाच बदल चांगला दिसतो आहे, आणि तो माझा नाही.

गणपतरावांनी दार ढकललं. माळ वाजली. ते उंबऱ्यातच थांबले. वर पाहिलं, दार मागे घेतलं, पुन्हा ढकललं. पुन्हा आवाज.

“पितळ जुनं हाय,” ते म्हणाले. “असा नाद नव्या माळेला येत न्हाई. कोणाची?”

“हरण्याची,” पाटील म्हणाले.

“धावड्याचा हरण्या? तो तांबडा? अहो, भोकरदनच्या बाजारात आमची गाडी चिखलात रुतली तवा त्याच बैलानं काढून दिल्ती! मालक कोण, ते गर्दीत इचारायचं राहून गेल्तं.”

मग पाणी आलं, गूळ आला, पण रीत पाळायला कोणी तयार नव्हतं. दोघंही एकाच वेळी बोलत होते. चढाच्या गाड्या, पोळ्याच्या मिरवणुका, खोडी करणारे बैल, विकताना डोळ्यांत पाणी आणणारे बैल. गणपतराव उठून झुलीपाशी गेले, टाके बघितले, कोणी भरली ते विचारलं. पार्वताबाईंनी दारामागून सांगितलं. कौसा चहा घेऊन आली. गणपतरावांनी तिला एकच प्रश्न विचारला.

“पोरी, बैल पाय आपटून राह्यला तर काय बघायचं?”

“आधी खूर बघायचा. खडा हाय का. मंग गोचीड.”

गणपतरावांनी चहा संपवला. दुसरा मागितला. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं, आणि भिंतीवरची वाकडी पट्टी मला एकदम फार सुंदर वाटली.

लग्न धावड्याला झालं. कौसाने सासरी जाताना झूल मागितली. पार्वताबाईंनी ती दिली आणि बैठकीसाठी नवी भरायला घेतली.

आता धडा. पुढच्या दिवाळीत त्र्यंबकराव वकील दुकानात आले. म्हणाले, “पाटलांसारखी करून द्या. झूल, घुंगरं, तांबडी पट्टी. बिलकुल तशीच.”

मी म्हणालो, “वकीलसाहेब, आधी तुमचा माळा बघू या.” माळ्यावर पतंगांची चरखी निघाली. एकेकाळी गच्चीवरून त्यांनी सगळ्या मोहल्ल्याचे पतंग कापले होते. सांगताना त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी भिंतीवर पतंग टांगून दाखवायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी चरखी गुंडाळून वर ठेवली. “अशील काय म्हणतील?” म्हणाले.

मग मी बाजारातली नवी झूल आणि नवी माळ आणून लावली. धंदा आहे. माळ चांगली वाजते. खेड्यातून आलेला प्रत्येक अशील दारात थांबतो, वर बघतो आणि कौतुकाने विचारतो, “साहेब, बैल कोणता?”

वकील त्याला गूळपाणी देतात.

तेव्हापासून कोणी ‘बराबर तशीच’ म्हणत आलं की मी बैठक नंतर बघतो. आधी शिडी मागतो.