बोटांचा निरोप समारंभ

आमच्या कारखान्यातल्या फिटरला सगळे नाना म्हणायचे. माझ्या प्रेस मशीनपुढची संरक्षक जाळी तुटली होती, हात कधी आत जाईल याचा नेम नव्हता. तक्रार केली की साहेब म्हणायचे, "बघू."

एका दुपारी नाना जेवणाच्या बाकावर चढला आणि माझ्या बोटांना निरोप देऊ लागला.

"अंगठेराव, इमानेइतबारे राबलात. करंगळीताई, तुमचं तर जायचं वयही नव्हतं. पण साहेबांना जाळीपेक्षा तुम्ही स्वस्त पडलात. राग मानू नका."

सगळे हसले. दारात उभे असलेले साहेबही हसले, मग माझ्या हाताकडे बघून ऑफिसकडे वळले.

संध्याकाळी नव्या जाळीचं सामान आलं. नानानेच ती बसवली आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून पाहिला.

"ढिला राहिला तर खरं भाषण करावं लागेल," तो म्हणाला.