पहिल्या गिअरात उभी गाडी

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये कुमुद निमकर अठरा वर्षं राहिली. एवढ्या वर्षांत ती कुणावर आवाज चढवून बोलल्याचं एकाही शेजाऱ्याला आठवत नाही. 'निमकरीणबाई म्हणजे अगदी गरीब गाय हो,' असं कौतुक व्हायचं तिचं. लोकांचं काय जातं कौतुक करायला! खरं सांगायचं तर बाई घाबरट होती. आणि घाबरायची ती घरातल्याच माणसाला.

बरं, नवरा मारकुटा होता म्हणावं, तर तेही नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेल्या भालचंद्र निमकरांनी उभ्या जन्मात बायकोवर हात उगारला नाही. ते फक्त बोलणं बंद करायचे. ताट वाढलं की जेवायचे, चहा दिला की प्यायचे, पण तोंडातून चकार शब्द नाही. आठ दिवस, पंधरा दिवस. दिल्लीसारख्या परक्या गावात, वाईहून लग्न होऊन आलेल्या बाईनं घरात भिंतींशी बोलायचं का? त्यापेक्षा दोन थपडा बऱ्या, असं तिला कितीदा वाटून गेलं असेल.

त्र्याण्णव साली घरात पांढरी मारुती आली. तेव्हा दिल्लीत कुणाच्या ना कुणाच्या दारात रोज नवी गाडी येत होती, कालपर्यंत स्कूटरला किका मारणारे लोक पेढे वाटत होते. पण निमकरांइतका जीव गाडीला कुणी लावला नसेल. पहाटे उठून फलालीनच्या फडक्यानं पुसायची, संध्याकाळी पुन्हा पुसायची. कुमुदला गाडीत बसायचं तर बांगड्यांवर पदर गुंडाळून दार उघडावं लागे, काचेच्या बांगडीनं ओरखडा उठेल म्हणून. आणि गाडी लावायची कुठे? जांभळाखाली नको, डाग पडतात. कडुनिंबाखाली नको, पाखरं घाण करतात. मैदानाकडे पोरं क्रिकेट खेळतात. रांगेत लावली तर शेजारचा त्याचं दार आपल्या दारावर आपटतो. असं करत करत त्यांनी दोन ब्लॉकच्या मधली बोळकंडी हेरली. बोळ पुढे बंद होती, भिंतीशी वरच्या मजल्यावरच्या शांताराम खानोलकरांची जुनी फियाट उभी असायची. तिची वाट अडवून, बोळीच्या तोंडाशी, निमकरांची मारुती.

दिल्लीत ह्याला एक रीत आहे. गाड्या फार, जागा कमी. दुसऱ्याच्या गाडीआड आपली लावायची तर हँडब्रेक काढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून खुशाल निघून जायचं. ज्याला बाहेर पडायचंय तो येतो, दोन्ही हातांनी तुमची गाडी ढकलून बाजूला करतो आणि जातो. कुणाला किल्ली मागायला नको, कुणाची वाट बघायला नको. निमकरही दोन वर्षं तसंच करत होते. मग पंच्याण्णवच्या दिवाळीत कुमुदनं हट्ट करून त्यांना करोलबागेत नेलं. तिथे कुणीतरी न्यूट्रलमधली मारुती जोरात ढकलली, ती खांबावर आदळली. मागचा दिवा फुटला, डिकीला हाताएवढा पोचा आला. हट्ट कुणाचा? कुमुदचा. त्या वेळी निमकर बावीस दिवस बोलले नाहीत. दिवाळीतले बावीस दिवस, अहो! पाडव्याला तिनं ओवाळलं तेव्हासुद्धा त्यांनी मान वर केली नाही.

तेव्हापासून मारुती कायम पहिल्या गिअरात, हँडब्रेक करकचून ओढलेला, चारी दारं दोनदा ओढून पाहिलेली. आठवडाभर गाडी हलायचीच नाही. निमकर ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसनं जायचे आणि किल्ली खिशात न्यायचे. दुसरी किल्ली कुठे आहे ते त्यांनी कुमुदला सांगितलं नव्हतं. "तू भिडेखातर कुणालाही देशील," म्हणाले. फियाट काढायची असली तर खानोलकरांनी आदल्या दिवशी सांगायचं. दुसरा कुणी असता तर कडाडून भांडला असता. पण शांतारामभाऊ हसायचे. "निमकर, माझी फियाट तुमच्या तुरुंगात आहे हो! जामिनावर कधी सोडता?" जूनमध्ये ते रिटायर होणार होते. गुडगावला नव्या सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला होता. वय अठ्ठावन्नाला टेकलेलं, पण फ्लॅटच्या गोष्टी करताना लहान मुलासारखे हुरळून जायचे.

सत्त्याण्णवचा एप्रिल. मंगळवार होता. शहरात रिक्षावाल्यांचा संप चालू होता. दुपारी अडीचच्या सुमारास खानोलकरांचा मुलगा कौस्तुभ धावत खाली आला आणि त्यानं निमकरांचं दार बडवलं. "काकू, बाबांच्या छातीत दुखतंय. घाम फुटलाय नुसता. गाडी काढायचीय, किल्ली द्या लवकर!"

किल्ली कुठून देणार? कुमुदनं निमकरांच्या ऑफिसला फोन लावला. पहिल्यांदा एंगेज. दुसऱ्यांदा कुणीतरी उचलला आणि "साहब मीटिंग में हैं" म्हणून ठेवूनही दिला. तोवर कौस्तुभ आणि कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करणारा प्रेसवाला ह्यांनी शांतारामभाऊंना खुर्चीत बसवून खाली आणलं, फियाटच्या मागच्या सीटवर आडवं केलं. उल्काताई, त्यांची बायको, मांडीवर त्यांचं डोकं घेऊन बसल्या. ॲम्ब्युलन्सला फोन करून झाला होता, 'निघतेय' म्हणाले होते. टॅक्सी स्टँड रिकामा पडला होता, संपामुळे सगळ्या टॅक्स्या बाहेर. आणि मोठं हॉस्पिटल गाडीनं जेमतेम पाच मिनिटांवर! मध्ये फक्त मारुती. प्रेसवाल्यानं आणि कौस्तुभनं तिला मागून रेटा दिला, पुढून दिला. कॉलनीतले पुरुष सगळे ऑफिसात. दोघांच्या जोरानं ती तसूभर हलली नाही.

प्रेसवाला म्हणाला, "भाभीजी, शीशा तोड़ दो. ब्रेक खोल के धक्का मारते हैं."

कौस्तुभच्या हातात वीट होतीच. "काकू, फोडू?"

आता इथे थांबून ऐका. काच फोडायची होती. हात घालून दार उघडायचं, ब्रेक सोडायचा, गिअर काढायचा, बस. एका मिनिटाचं काम! कुमुदला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर काय आलं? ते बावीस दिवस. तो पाडवा. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "थांब रे, दुसरी किल्ली घरातच असणार. आत्ता आणते."

ती आत पळाली. देवघराचा खण पाहिला. गोदरेजचं कपाट उघडलं, लॉकर पाहिला, साड्यांच्या थप्प्या पाहिल्या, निमकरांच्या कोटांचे खिसे पाहिले. विम्याच्या फायली. गव्हाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेरून कौस्तुभ ओरडला, "काकू!" तिनं खिडकीतून सांगितलं, "थांब, सापडेल." पुन्हा शोधाशोध. माळ्यावरची बॅग काढली. कौस्तुभचा आवाज आता रडवेला झाला होता. "काकू, प्लीज, फोडू द्या ना!" पोरगं शहाण्यासारखं वागणारं हो, मोठ्यांच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही ह्या वळणातलं. आईबापांनी लावलेलं ते वळणच त्या दिवशी आडवं आलं. एखाद्या उनाड पोरानं केव्हाच काच फोडली असती आणि बापाला घेऊन गेलं असतं.

शेवटी कुमुदला स्वतःचीच किळस आली. ती स्वयंपाकघरात गेली, खलबत्त्यातला बत्ता उचलला, बाहेर आली आणि दात-ओठ खाऊन तिनं तो ड्रायव्हरच्या काचेवर घातला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काच फुटली. हात कापला, पदर रक्तानं भिजला. कौस्तुभनं ब्रेक सोडला, गिअर काढला, तिघांनी मिळून ढकलली. मारुती घरंगळत गेली आणि समोरच्या विजेच्या खांबावर आपटली. तिच्याकडे वळून कुणी पाहिलंही नाही. कौस्तुभनं फियाट बाहेर काढली.

शांतारामभाऊ वाटेतच गेले. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाला, "दस-पंद्रह मिनट पहले ले आते तो शायद..." कौस्तुभनं घरी येऊन हे सगळ्यांना सांगितलं. कुमुद तिथेच जिन्यात उभी होती.

साडेसहाला निमकर चार्टर्ड बसमधून उतरले. बोळीशी आले आणि त्यांना गाडी दिसली. काच नाही, पुढचा दिवा फुटलेला, बॉनेट चेपलेलं. आणि हा माणूस, जो घरात कधी आवाज चढवत नसे, अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा ओरडला. "कुणी केलं हे? कुणी हात लावला माझ्या गाडीला? समोर ये! तंगडं मोडतो की नाही बघ!" वर खानोलकरांच्या दारात माणसं जमलेली. कुमुद जिना उतरून आली. बँडेज बांधलेला हात तिनं पुढे केला. "मी फोडली. शांतारामभाऊ गेले."

निमकरांचा हात फुटलेल्या काचेच्या चौकटीवर होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी चपला तिथेच काढल्या आणि अनवाणी वर गेले. त्यांनी खांदा दिला. निगमबोध घाटावर, स्मशानात रात्री नऊपर्यंत थांबले. घरी आल्यावर कुमुद वाट पाहत बसली, आता ह्यांचं बोलणं बंद होणार. पण निमकर पलंगावर बसून लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "तू केलंस ते बरोबर केलंस." आणि थोड्या वेळानं, डोळे पुसत म्हणाले, "दुसरी किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते गं. घरात नव्हतीच."

घरात नव्हतीच! कुमुदनं हे ऐकलं आणि ती उठून मोरीत गेली, आतून कडी लावून बसली.

पुढचे दोन-तीन महिने तिची फार वाईट गत झाली. कारण कॉलनीत जो तो तिला शाबासकी देत होता. "धीराची हो बाई! नवऱ्याची एवढी लाडकी गाडी, पण बघितलं नाही मागेपुढे." प्रत्येक शब्द तिला चटका देऊन जाई. मागेपुढेच तर बघितलं होतं तिनं. काच फोडायला किती वेळ लागला हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्या आधी किती वेळ गेला हे कुणी मोजलं नव्हतं. कौस्तुभनंही ते कुणाला सांगितलं नाही. त्याला बहुधा वाटत होतं, वीट आपल्याच हातात होती. त्याचा उतरलेला चेहरा पाहिला की कुमुदला जास्तच मेल्यासारखं होई. तिनं मनाशी ठरवलं, उल्काताईंना एकदा सगळं सांगून टाकायचं. शिव्या देऊ देत, तोंडावर थुंकू देत. पण रोज वर डबा द्यायला जायची आणि तशीच परत यायची.

जुलैत गुडगावचा फ्लॅट ताब्यात मिळाला. सामान न्यायला टेम्पो आला त्या सकाळी कुमुद चहाचा थर्मास घेऊन वर गेली. घर रिकामं झालं होतं. उल्काताई एका ट्रंकेवर बसल्या होत्या. आज नाही तर कधीच नाही, म्हणून कुमुद त्यांच्यापुढे फरशीवर बसली आणि बोलून गेली. "उल्काताई, मी पंधरा मिनिटं किल्ली शोधत बसले. काच आधीच फोडता आली असती. हे बोलणं बंद करतील म्हणून मी भ्याले. भाऊ माझ्यामुळे गेले."

उल्काताईंनी चहाचा कप खाली ठेवला. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी फियाटमध्ये बसले होते ना, ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन. तुझी खिडकी बरोबर समोर. सगळं दिसत होतं मला. तू एकेक साडी उलगडून बघत होतीस, कुमुद. आणि घडी घालून परत जागच्या जागी ठेवत होतीस."