लाल पेन्सिलीचा आकडा

माणसाच्या अखेरच्या दुखण्याचं सार तीन आकड्यांत मावतं. निदान भंडाऱ्याच्या आमच्या इस्पितळात, नोंदींच्या खोलीत मावत असे, कारण छापील कागदावर चौकोन तीनच होते. जठराचा कॅन्सर म्हणजे एकशे एक्कावन्न. रोगांचे हे आकडे कुठल्याशा परदेशी विद्वानांनी ठरवलेले. त्यांचा जाडजूड ग्रंथ आम्हांला खिडकी आपटू नये म्हणूनही उपयोगी पडे.

कॅन्सर हा शब्द रोग्याला कळू द्यायचा नाही, असा रिवाज होता. म्हणून डॉक्टर केसपेपरवर ‘पोटात गोळा’ एवढंच लिहीत, खरा आजार मला तोंडी सांगत आणि मी कोपऱ्यात लाल पेन्सिलीने आकडा टाकत असे. आकडा कोण वाचतो, असं आम्हा सगळ्यांना वाटे.

सत्तरचं दशक सरता सरता माझा थोरला भाऊ आमच्याच इस्पितळाच्या वॉर्डात आला आणि त्याच्याही कागदावर मी एकशे एक्कावन्नचा आकडा टाकला. चिखल्याच्या मँगनीज खाणीत तो हजेरीबाबू होता. मजुरांना बिल्ल्याच्या नंबरावरून ओळखण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याला आजार सांगायचा नाही, असं वहिनीने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

एका दुपारी त्याने कागद माझ्यापुढे धरला. “कायचा आकडा हाये रे हा?”

मी चष्मा पुसू लागलो. वहिनीच म्हणाली, “खाटेचा नंबर असन, अजून काय.”

“त्या बपेरा गावच्या बुढ्याच्या कागदावरबी हाच होता. परवा गेला तो.”

“मंग त्याचीच खाट तुमाले देली असन.”

“त्याची खाट तं ते पाहा, खिडकीपाशी. रिकामी हाये.”

वहिनी मोसंबं सोलत राहिली. ते त्याला गिळवणार नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. तो तिच्या हातांकडे बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, “असन बा. सरकारी दवाखाना हाये, नंबर कसाबी लावते.” कागद उशीखाली ठेवला. पुन्हा कधी विचारलं नाही.

धान कापणीला आलं तेव्हा तो गेला. कागद माझ्याच टेबलावर आला. पेन्सिलीचा आकडा शाईने पक्का करायचा, एवढंच काम होतं.

तेरवीच्या दिवशी वहिनी म्हणाली, “एक बरं झालं, भाऊजी. त्यांले शेवटपर्यंत काई समजलं नाई.”

मी हो म्हणालो.

त्या वॉर्डात खाटा चाळीस होत्या.