आठ विटांच्या मापाची कार

कुणी जुनी कार दाखवायला आणली, की मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसत. मागचं दार उघडून आत बसत, दार लावून घेत आणि डोळे मिटत. बाहेर कारवाला इंजिनाचं कौतुक सांगतोय, टायर गेल्याच महिन्यात टाकले म्हणतोय, आणि हे आत असे बसलेले, की जणू फाट्यावर एसटीची वाट पाहताहेत. पाच-सात मिनिटांनी उतरत आणि घेणाऱ्याला विचारत, "मांगं कोण बसणार हाये?"

असा प्रश्न कुणी कुणाला विचारतं का, तुम्हीच सांगा. आपण मायलेज विचारतो, रंग विचारतो, शेजाऱ्याकडे कोणती आहे ते न विचारताच पाहून घेतो. घेणारा गोंधळून म्हणे, "बसन ना कोणीतरी." मग मिस्त्री मान हलवत. "समोर बसणारा गाडी घेते जी. मांगं बसणारा भोगते."

चामोर्शीला बाजाराच्या मैदानाला लागून, आमच्या घरासमोरच, रस्त्यापलीकडे त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेली टिनं आणि शेजारी एक कडुनिंब. ऊन चढलं की सगळं काम टिनांखालून कडुनिंबाखाली सरके. माणूस बुटका, बोलणं कमी, आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून हसायची वाईट खोड.

पुरात सापडलेली गाडी त्यांना कुणी खपवू शकलं नाही. सीटचा पट्टा ते पार शेवटपर्यंत ओढून काढत. विकणारा गाडी धुतो, पुसतो, अत्तरही मारतो, पण पट्ट्याचं आत गुंडाळलेलं टोक कोण धुतो? तिथं वाळलेला बारीक गाळ दिसला की पट्टा हातात धरून म्हणत, "भाऊ, हे गाडी रस्त्यानं आली का पोहून आली?" चंद्रपूरकडची गाडी असली तर दाराच्या रबरामागं बोट फिरवून ते काळं बोट नुसतं वर करून दाखवत. कोळशाच्या खाणीवर राबलेली. पुढं बोलायची गरज नसे.

मी तेव्हा पंचेचाळिशीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि माहेर चंद्रपूरचं, त्यामुळं स्वतःला जरा राजधानीची समजणारी. राजांच्या जुन्या परकोटाच्या आत जन्मलेल्या बाईला चामोर्शीत कुणी काही शिकवावं, हे मला पटत नसे. आता त्या बाईची आठवण आली की तिचा कान धरावासा वाटतो. पण कान माझाच, आणि आता तो दुखरा आहे.

कारचा विषय घरात निघाला तो सासूबाईंमुळे. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे गेले होते. एसटीची पहिली पायरी त्यांना चढता येईना, ऑटोत बसलं की धक्क्यांनी जीव जाई. त्यांची थोरली बहीण वैनगंगेच्या काठी, माहेरगावात भाच्याकडे राहत होती. तिला डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, कानांनी ऐकू येईनासं. त्यामुळं फोनचा उपयोग नाही. तिच्याशी बोलायचं तर हात हातात घेऊनच. गावाच्या अलीकडे एक नाला, पावसाळा लागला की रस्ता बंद. सासूबाईंनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवाळीत म्हणाल्या, "बाई, पाण्याच्या आंधी एकडाव मले बहिणीकडं नेऊन आणा. मंग काही नाई म्हणत मी."

मागणं एवढंच. पण विषय निघाला की त्याला पाय फुटतात, आणि कारच्या विषयाला तर चाकंच असतात.

आमचे हे जनावरांच्या दवाखान्यात कारकून. त्यांचं मत जुनी घ्यावी. म्हणाले, "गाय घ्यायची तर दुसऱ्या-तिसऱ्या वेताची घ्यावी. स्वभाव कळलेला असतो."

मी म्हटलं, "मी कुणाची उतरलेली साडी नेसले नाही, उतरलेल्या गाडीत बसणार नाही."

खरं सांगू? माझ्या मनात सासूबाईंची बहीण नव्हतीच. माझ्या मनात नागपूरची जाऊ होती. तिच्या फाटकासमोर लांब डिक्कीची, चंदेरी, नवी कोरी कार उभी करायची आणि सावकाश उतरायचं, एवढं एकच चित्र मी मनात रंगवत होते. उतरताना कोणती साडी, तेही ठरलं होतं.

निवाडा करायला यांनी मिस्त्रींना बोलावलं. ते आले, ओसरीवर बसले आणि पहिलंच वाक्य, "मांगं कोण बसणार?"

"आई बसेल," हे म्हणाले.

"मंग आईले इचारू ना. आपण काऊन भांडून राह्यलो?"

आणि त्यांनी काय केलं असेल? अंगणात पडलेल्या विटा उचलून आणल्या. एकावर एक रचून दोन ढिगारे केले, वर पाट ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "माय, इथी बस. आता ऊठ." पाच विटांवर त्यांना उठताच येईना. सहावर माझा खांदा धरून उठल्या. सातवर भिंत धरून. आठ विटा झाल्या तेव्हा कुणाला न धरता उभ्या राहिल्या, आणि परीक्षेत पास झाल्यासारख्या लाजल्या. मग पाय किती उचलतो ते पाहिलं. तीन विटा, वर नाही. मिस्त्रींनी खिशातून सुतळी काढली, तीन विटांवर एक गाठ मारली, आठ विटांवर दुसरी. "हे तुमच्या कारचं माप. नवी पाहा का जुनी पाहा."

मी स्वयंपाकघरातून ऐकू जाईल असं म्हटलं, "आम्ही कार घ्यायला निघालो, आणि हे चूल मांडून गेले."

त्यानंतर तीन महिने मिस्त्री ती सुतळी घेऊन फिरले. गडचिरोलीहून, मूलहून, कुठून कुठून गाड्या यायच्या. हे खुश होऊन मला बाहेर बोलवायचे, मिस्त्री दार उघडून सुतळी लावायचे आणि म्हणायचे, "नाई जमत जी." एक फार खाली, एक फार वर. एक मापात बसली, तर तिच्या पट्ट्यातून गाळ निघाला. अशा नऊ गाड्या परत गेल्या. दहावीच्या वेळी माझा धीर सुटला. मी फाटकात उभी राहून, समोर कडुनिंबाखाली ते बसलेत हे पाहूनच, यांना म्हणाले, "त्यांचं कुणाकडं तरी कमिशन ठरलं असेल. म्हणून आपल्याला झुलवताहेत."

मिस्त्रींनी वर पाहिलं, आणि पुन्हा पान्हा फिरवायला लागले.

पुढच्या रविवारी मी यांना घेऊन शोरूममध्ये गेले. लांब डिक्की, चंदेरी रंग. यांनी दबक्या आवाजात "सुतळी लावून पाहू का?" म्हटलं. मी म्हटलं, "इथं ते करतात होय? लोक हसतील."

हसले, पण ते चामोर्शीत. कार दारात आली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, अख्खी गल्ली जमली. सासूबाईंनी नवं पातळ नेसलं होतं. मागच्या दारातून त्या बसल्या कसल्या, घसरल्याच. गुडघे छातीशी गेले. मोठ्या हौसेनं म्हणाल्या, "भल्ली गार हाये व आत." गल्लीला चक्कर मारून आणली. आणि मग उतरता येईना. एक शेजारीण हाताला, एक बगलेत, मी कंबरेला. पदर दारात अडकलेला, केस सुटलेले. त्या हसत होत्या, पण डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसण्याचं नव्हतं.

मिस्त्री रस्ता ओलांडून आले. आम्हा तिघींना बाजूला केलं. सासूबाईंचे दोन्ही पाय हलकेच बाहेर वळवले, समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "माय, माह्या मानेले धर. घट्ट." त्या धरून राहिल्या आणि मिस्त्री सावकाश उभे राहिले. झालं. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी मात्र काय बोलावं? "सीट नवी आहे ना. वापरून वापरून वर येईल."

अहो, पोळीसारखी फुगणार होती का ती!

त्या दिवसापासून सासूबाईंचं एकच. "तुमी फिरा. मले घरच बरं." कार आम्हा सगळ्यांना घेऊन फिरली, फक्त जिच्यासाठी आणली तिला सोडून. नागपूरला मी गेले. ठरलेली साडी नेसून जावेच्या फाटकासमोर सावकाश उतरलेही. जाऊ धावत आली, कारकडं न पाहता मागच्या काचेतून आत डोकावली आणि म्हणाली, "हे काय? सासूबाईंना नाही आणलं?" जेवताना तिनं कारचा रंगही विचारला नाही.

मे महिना लागला आणि भाच्याचा फोन आला. थोरली आता नीट जेवत नव्हती. रोज दाराकडं तोंड करून बसते, कुणी आलं की त्याचा हात चाचपते आणि विचारते, लहानी आली काय? सासूबाईंनी फोन ऐकला, यांच्या हातात परत दिला आणि गहू निवडायला बसल्या. ते गहू आदल्या दिवशीच निवडून झाले होते.

मी रस्ता ओलांडला. मोजून चाळीस पावलं असतील. मिस्त्री एका गाडीखाली होते, नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांशीच बोलले. म्हटलं, "ती कार विकायची आहे. नवीच आहे, चार महिन्यांची."

गाडीखालून आवाज आला, "शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली का जुनीच होते, बाई."

महिनाभरातच गडचिरोलीच्या एका तरुण वकिलानं ती घेतली. त्याच्या घरात सगळ्यांचे गुडघे शाबूत होते, याची मिस्त्रींनी चौकशी केलेली. मी ज्या उतरलेल्या गाड्यांना नाक मुरडत होते, तशीच एक उतरलेली गाडी माझ्या हातून बाजारात गेली. आता हसू येतं, तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते.

आणि त्याच आठवड्यात मिस्त्रींनी एक व्हॅन आणून दारात लावली. नाक नसलेली, डब्यासारखी उभट, दार सरकतं, रंग कोणता ते सांगणं कठीण. बारा वर्षांची. तलावावरचे मासे बाजारात पोचवणाऱ्या एका माणसाची. त्यानं पहिल्याच दिवशी मागची सीट काढून घरात माळ्यावर ठेवली होती, मासोळ्यांच्या पेट्या बसाव्या म्हणून. ती मिस्त्रींनी परत बसवली. सीट कोरी, तिच्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. बाकी सगळं जुनं. दाराखाली त्यांनी लोखंडी पायदान जोडलं होतं. सुतळी लावून दाखवली. पायदान पहिल्या गाठीच्या आत, सीट बरोबर दुसऱ्या गाठीला.

पण वास! दार सरकवलं आणि मी पदर नाकाला लावला. सुकलेल्या झिंग्यांचा, बारा वर्षं मुरलेला. "ह्यात बसून मी शाळेत जाऊ?"

सासूबाई काठी टेकत आल्या. पायदानावर पाय ठेवला, मग आत, आणि कुणाचाही हात न धरता बसल्या. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. त्यांचे वडील नदीवर जाळं टाकायचे, हे मला वीस वर्षं माहीत होतं, आणि वीस वर्षं मी ते पाहुण्यांना सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "घाटावर आल्यावानी वाटून राह्यलं व माय."

मिस्त्री यांना म्हणाले, "आत्ता घेऊ नका. बहिणीच्या गावाले नेऊन आणू. माय तिथी स्वतःहून उतरली, तर घ्या."

मिस्त्री आता नाहीत. पाच वर्षं झाली. टिनांच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, कडुनिंब मात्र ठेवलाय. कमिशनचं ते बोलणं मी परत घेतलं नाही. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. समोरासमोर राहत होतो आम्ही. रोज वाटे, उद्या सांगू.

बहिणीच्या गावाला निघालो त्या दिवशी मिस्त्री चालवायला, शेजारी हे, मागं सासूबाई मधे, एका बाजूला माझी लेक, दुसऱ्या बाजूला मी, पदर नाकाला. नाल्यात पाणी नव्हतं, नुसती वाळू. गावात पोचलो तर थोरली दाराशीच बसलेली. सासूबाई उतरल्या. स्वतःहून. पाच-सात पावलं चालून गेल्या आणि काही न बोलता आपला हात बहिणीच्या हातात दिला. थोरलीनं बोटं चाचपली, बांगड्या चाचपल्या, मनगटावरचं गोंदण अंगठ्यानं घासून पाहिलं. मग इतक्या मोठ्यानं ओरडली की कोंबड्या उडाल्या, "एवढा टाइम काऊन लावला व?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी नदीकडं पाहत राहिले.

दुपार कलली तरी दोघींचे हात सुटेनात. शेवटी यांनी म्हटलं, मावशीलाही घेऊन जाऊ, पावसाळा आपल्याकडे काढेल. भाच्यानं गाठोडं बांधलं. दोघींना मागं बसवलं, लेक तिसरी. मग माझ्या लक्षात आलं, की माणसं सहा आणि जागा पाच. मी हिशेब करतेय तोवर यांनी विचारलं, "मिस्त्री कुठी गेले?"

किल्ली गाडीलाच होती. भाचा म्हणाला, "ते तर कवाचेच निंगले. म्हणे, परत जातानी एक सीट लागन."

हे चालवायला बसले, शेजारी मी. नाला ओलांडून डांबरी रस्त्याच्या अलीकडे एक ट्रॅक्टर दिसला. मागच्या ट्रॉलीत लाकडं होती, आणि लाकडांवर, एका हातानं दोरी धरून, मिस्त्री उभे होते. आम्हाला पाहिलं तसं ते ट्रॉलीतच कडेला सरकले, जणू रस्ता त्यांनीच अडवला होता, आणि हातानं खूण केली, जा, जा पुढं.

यांनी गाडी पुढं काढली. मातीचा रस्ता, आमच्या चाकांची सगळी धूळ त्यांच्या अंगावर. मी बोलणार होते काहीतरी, तोंड उघडलंही होतं. पण धूळ आत यायला लागली, म्हणून मी काच वर केली.