डाव न सोडणारा

आमच्या लूमच्या कारखान्यात त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची: पत्त्यांनी संसार बुडवला. माझ्यासमोरही सांगितली गेली आणि मी मान हलवली. आता माझं वय झालं आहे, म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतो.

सातम-आठमला सुरतेत पत्ते खेळण्याला कुणी जुगार म्हणत नाही. गोकुळाष्टमीची सुट्टी, लूम बंद, आणि एरवी पत्त्यांना न शिवणारेही सतरंजीवर येऊन बसतात. भेस्तानच्या आमच्या खोलीत त्या दुपारी मीच त्याला बोलावून बसवलं. तो माझ्याच तालुक्यातला, कारखान्यात माझ्या शेजारचे लूम चालवणारा, वयाने बराच लहान. बायकोला गावाहून आणायचं म्हणून त्याने कोसाडला खोली बघून ठेवली होती. सुट्टी संपली की डिपॉझिट द्यायचं होतं. हे मला माहीत होतं.

हलके पत्ते घेऊन जोरात चाल करायची आणि समोरच्याला घाबरवायचं, ही तीन पत्तीतली हुशारी हुशार माणसापुढे चालते. त्याच्यापुढे तिचा उपयोग नव्हता. हातात काही नसलं तरी तो पैसे टाकत शेवटपर्यंत यायचा.

"अरे, पॅक कर ना, सोड डाव," कुणीतरी म्हणालं. "सासऱ्यानं शेठ केलंय का तुला?"

"तुमनाकडे काय शे ते देखाले नको का?" तो हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सगळा बशेल शेत आन् मी एकलाच पत्ते टाकू? भरेल ताटवरथून उठासारखं वाटस, दादा."

ते ऐकून मी खेळ बदलला. हूल देणं बंद. पत्ते बरे नसले की गुपचूप टाकायचे. चांगले आले की पहिल्यापासून मोठी चाल करायची. तो येणारच होता. शेवटी आम्ही दोघेच उरायचो. तो शो मागायचा, माझे पत्ते बघायचा आणि "भारी!" म्हणायचा. अगदी मनापासून.

यात लबाडी नव्हती. पत्ते पिसायलाही मी हात लावला नाही. हेच मी स्वतःला सांगत आलो.

मध्येच एकदा तो उठू लागला. "चहा येतोय, बस रे," मी म्हणालो. तो बसला. दिवे लागायच्या आत कोसाडची खोली गेली. त्या पैशांचं मी काय केलं, आठवत नाही.

बायको सुरतेला आलीच नाही. तो पुढे चलथाणला ऊस भरायच्या कामाला गेला. त्यानंतर त्याला पत्ते खेळताना कुणी पाहिलं नाही, पण नाव पडायचं ते पडलं.

मागच्या महिन्यात त्याच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो. वरण-बट्टी होती. त्याची बायको तूप वाढत माझ्यापर्यंत आली. हात थांबवून म्हणाली, "दादा, तुम्ही त्यासले त्या दिवशी 'उठ, उठ' म्हनी राह्यनात. माले सांगेल व्हतं त्यासनी. त्यासनीच ऐकं नही."

'उठ' असं मी म्हणालो नव्हतो. 'बस' म्हणालो होतो. तोंडात घास होता. ती पुढच्या माणसाला वाढू लागली.

बट्टी चुरली, तूप मुरू दिलं, आणि ताट संपवूनच उठलो.