ब्लाउज सैल झाला तेव्हा

"एपिलेप्सी आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूतली वीज मधेच भडकते आणि माणूस आकडी येऊन पडतो. माझी सायली तेवीस वर्षांची, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ऑफिसात कामाला. तिथेच जिन्याजवळ पडली होती. ईईजी काढला, म्हणजे डोक्याला वायरी लावून त्या विजेचा आलेख. सोडियम व्हॅल्प्रोएट नावाची गोळी सुरू झाली. एकही चुकवायची नाही, असं बजावलं. नातेवाइकांना आम्ही सांगितलं, चक्कर आली.

आकडी थांबली, पण पोरगी फुगायला लागली. मी शिलाईकाम करते, मला वजनकाटा नको, टेप पुरते. कंबर वाढली, दंड वाढले. पहिला संशय तिच्यावरच. ऑफिसात बसून वडापाव हाणत असणार! मी तिचा डबा हुंगायचे, पर्स उघडून बघायचे. मग शेजारणीवर संशय, कारण ती सारखी तांदळाचे घावणे पाठवायची. गोळीवर संशय आला तो सगळ्यात शेवटी. बायांनो, या औषधाने भूक आणि वजन वाढू शकतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारलंच नाही.

लोकांची तोंडं तर काय, मोकळीच. लग्न न झालेल्या पोरीचं पोट दिसलं की सगळ्यांची नजर तिथेच. एकीने मला हळूच विचारलंसुद्धा, "काय गो, सगळं ठीक ना?" तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं.

लांज्याला माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. घरातल्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या, आणि ब्लाउज शिवणार मी. सायली माप देईना. म्हणाली, "जुन्या मापाने शिव. मी बारीक होते बघ."

शिवला. आधी तो अंगात शिरत नव्हता, पण पुढे बसायला लागला, आणि मग काखेत चक्क सैल झाला. शेजारीण खूश, ऑफिसातल्या मैत्रिणी खूश. मी मात्र टेप घेऊन विचार करत बसले. भात तेवढाच, मासे तेवढेच, व्यायामाच्या नावाने बोंब. मग ही बारीक झाली कशी?

त्या दिवशी जेवण झाल्यावर तिने माझ्यासमोर गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि मागच्या दारी निघाली. तिथे आमची विहीर, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. मी तिचा हात धरला. "आ कर."

"आये, मी काय लहान आहे?"

"आ कर म्हणते ना! जीभ वर कर."

जिभेखाली गोळी होती. रोज मागच्या दारी जाऊन थुंकत होती.

माझा हात उठला होता. तेवढ्यात ती म्हणाली, "आकडी कधीतरी येते, आये. हे अंग रोज असतं." मारायचं राहिलं बाजूला, मलाच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे भांडायच्या तयारीनेच गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गोळी अशी मनाने बंद केली तर आकडी जास्त जोरात येऊ शकते," ते म्हणाले. "दुसरं औषध देऊ. लग्नाच्या वयाच्या मुलींना हे शक्यतो टाळतातच, पुढे पोटातल्या बाळाला धोका असतो."

"मग आधीच का नाही टाळलंत?"

"हिला लागू पडलं म्हणून चालू ठेवलं. वजनाचं मात्र मी सांगायला हवं होतं." चुकलं ते कबूल करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला. त्या माणसाची मी आभारी आहे. पण नव्या गोळीने काय काय होतं, हे सगळं वदवून घेतल्याशिवाय उठले नाही.

औषध हळूहळू बदलायचं होतं. एक कमी, दुसरं जास्त. त्या मधल्या काळातच लग्न आलं. सायली पुन्हा भरली होती. आदल्या दिवशी मी ब्लाउजच्या शिवणी उसवून तो दोन्ही बाजूंनी सैल केला.

मांडवात माझी जाऊ, नवरीची आई, चारचौघांत म्हणाली, "काय गो सायली, पुन्हा जाड झालीस!"

मी घाईघाईने जेवणाचा विषय काढणार, तोच सायली म्हणाली, "मला एपिलेप्सी आहे, काकी. गोळी घेते, म्हणून तुमच्या मांडवात उभी आहे."

जाऊबाईंनी तिला पंख्याखालची खुर्ची दिली.

अजूनही जेवण झालं की मी सायलीच्या तोंडाकडे बघते. माझा स्वभाव काही जायचा नाही. ती न सांगताच आ करते, आणि वर मला जीभ काढून दाखवते.