पाहुण्याची दुसरी प्लेट

रविवारी सकाळी अर्ध्या दिवसासाठी चारशे रुपयांत ऑटो ठरवला. सोबत पुण्याचे साडू. वर्ध्यातल्या आमच्या नालवाडीच्या या ऑटोवाल्याची रीतच अशी, की पाहुण्यानं तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय तो गाव दाखवत नाही.

"वर्ध्यात पाहण्यासारखं आहे तरी काय?" साडू म्हणाले.

त्यानं टपरीसमोर ऑटो थांबवून किल्ली खिशात टाकली. "दुसरी प्लेट नाई मांगतली, तं भाडं नोका देऊ!"

साडूंच्या पोह्यांवर त्यानं स्वतः पळीभर तर्री ओतली आणि आपले पोहे विसरून त्यांच्याकडे पाहत राहिला. साडूंचं नाक वाहू लागलं, डोळे भरले. मग त्यांनी रिकामी प्लेट पुढे केली. "अजून थोडे."

"थोडे काऊन, पाहुणे?" तो एवढा हसला, की सारी टपरी हसली.

मग खादीचं दुकान झालं, गोरसपाक बिस्किटांची खरेदी झाली. दुपारी चारशे रुपये साडूंनीच त्याला दिले. मला खिशात हात घालू दिला नाही.